कापसाच्या वाटेवरील मांजर : यवतमाळ जिल्ह्यातील पिसू-गोचीडनाशकांचा इतिहास

पिसू आणि गोचीड हे जनावरांच्या रक्तावर जगणारे बाह्य परजीवी होत. पिसू हा सहा पायांचा, पंख नसलेला व उड्या मारणारा कीटक आहे. गोचीड हा आठ पायांचा, कोळ्याच्या जातकुळीचा जीव असून तो कातडीत तोंड रुतवून अनेक दिवस एकाच जागी रक्त शोषतो. यांना मारणारी द्रव्ये मांजराच्या अंगावर पडली असता लाळ गळणे, अंग थरथरणे, तोल जाणे, आकडी येणे आणि प्रसंगी मृत्यू ओढवणे असे विपरीत परिणाम दिसतात, हे पशुवैद्यकाला अनेक दशकांपासून ठाऊक आहे. यवतमाळ जिल्ह्यापुरते पाहिले, तर या परिणामांचा इतिहास मांजरासाठी बनलेल्या औषधांचा नाही. येथे पिसू-गोचिडांवरचे जवळजवळ प्रत्येक द्रव्य आधी दुसऱ्याच कशासाठी तरी आले : कधी बैलाच्या गोचिडांसाठी, कधी हिवतापाच्या डासांसाठी, कधी कपाशीवरील बोंडअळीसाठी आणि अलीकडे कुत्र्यासाठी. मांजराच्या वाट्याला ते दुसऱ्याच्या मापाने आले, आणि अपायाचे मूळ बहुतांशी त्या मापात आहे.

इंग्रजी अमलात १८६४ साली आग्नेय वऱ्हाड या नावाने वेगळा काढण्यात आलेला, पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेलेला आणि १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका सामावून घेऊन यवतमाळ हे नाव मिळालेला हा प्रदेश घडला तो कपाशीमुळे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला जो भाव आला, त्याने येथील पीकपद्धती कायमची बदलली. कपाशीबरोबर ज्वारी-तूर आणि नांगर-वखर ओढणारा बैल हे शेतकऱ्याच्या घराचे आधार होते. सरकी आणि धान्य जेथे साठते तेथे उंदीर येतात, आणि उंदरामागे मांजर येते. म्हणून मांजर या घरांत होते, परंतु ते बैलासारखे राखलेले जनावर नव्हते. मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर अर्पण करावे लागते, या लोकसमजुतीने त्याच्या जिवाला संरक्षण दिले; त्याच्या दुखण्याखुपण्याकडे पाहण्याची रीत मात्र निर्माण झाली नाही.

बैलाची गोष्ट वेगळी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने त्याचे खांदे शेकले जात, एरवीही धुताना त्याच्या कानांमागची, मांड्यांमधली व शेपटीखालची गोचिडे वेचली जात. गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याची धुरी, अंगाला करंजाचे तेल, गोचिडांवर तंबाखूचे पाणी, उवा-पिसवांवर सीताफळाच्या बियांची पूड असे उपाय हाताशी होते. वनस्पतिजन्य असल्यामुळे ते निरुपद्रवी होते, असे मानण्याचे कारण नाही. तंबाखूतील निकोटीन हे मज्जातंतूंवर काम करणारे जहाल विष आहे; सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते. तीन-चारशे किलोच्या बैलाला जे सोसते ते तीन-चार किलोच्या मांजराला सोसेलच असे नाही, कारण शरीर जितके लहान तितके वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र मोठे असते आणि तितके जास्त विष शरीरात शिरते. शिवाय मांजर दिवसातला बराच वेळ आपले अंग चाटण्यात घालवते, त्यामुळे कातडीवर लावलेले कोणतेही द्रव्य थोड्याच वेळात त्याच्या पोटातही पोहोचते. मांजराची पिसवांपासूनची सुटका त्याच्या त्या जिभेवरच सोपवलेली होती, आणि हे दुर्लक्ष त्याच्या पथ्यावरच पडले.

रासायनिक द्रव्यांचा पहिला लोंढा साथीच्या रोगाबरोबर आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा घरे, गटारे आणि सामानसुमान कार्बोलिक आम्लाने, म्हणजे डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलने, धुऊन काढण्यात आली. रोग घाणीतून पसरतो या समजुतीवर हा उपाय आधारलेला होता. १८९८ मध्ये फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू हा प्लेगचा वाहक असल्याचे मांडले आणि १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने ते पक्के झाले. हे कळताच पिसू हा घरगुती उपद्रव न राहता सार्वजनिक आरोग्याचा शत्रू ठरला, आणि मांजराचे मोलही बदलले. वऱ्हाडातच, अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की ज्या गावांत मांजरे पुष्कळ आहेत तेथे प्लेगचा जोर कमी दिसतो, म्हणून लोकांना मांजरे पाळण्यास उत्तेजन द्यावे. या मांडणीची चर्चा ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतूनही झाली. मांजराच्या अंगावरही पिसवा असतात आणि मांजराला स्वतःलाही प्लेग होऊ शकतो, या गोष्टींमुळे पुढे हा उपाय मागे पडला. तरीही वऱ्हाडच्या सरकारी वैद्यकाने मांजराचा असा गांभीर्याने विचार केला, ही घटना या इतिहासात दुर्मिळ आहे. त्याच काळात रोगनिवारक म्हणून घराघरात शिरलेले फिनॉल हे मात्र मांजराला विशेष घातक असणाऱ्या द्रव्यांपैकी एक होते. पुढे फिनाईल या नावाने ते आणि त्याच्या कुळातील द्रव्ये गोठे धुण्यासाठी आणि पिसवा मारण्यासाठीही सर्रास वापरात आली.

फिनॉल मांजराला इतके का बाधते, याचे उत्तर विज्ञानाला शतकाच्या शेवटी मिळाले. बहुतेक सस्तन प्राण्यांचे यकृत अशा विषांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देते, त्यामुळे ती पाण्यात विरघळण्याजोगी होतात आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडतात. या क्रियेला ग्लुक्युरॉनिडीकरण म्हणतात. ही जोड देणारी अनेक विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, यकृतात असतात. त्यांपैकी फिनॉलसदृश द्रव्यांवर काम करणारे यूजीटी-१ए६ हे विकर मांजरात तयारच होत नाही, कारण त्याचे जनुक उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले आहे, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते त्याचेही मुख्य कारण हेच. पुढील अभ्यासात हा दोष संपूर्ण मार्जारकुळात आढळला. म्हणजे पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातील वाघ आणि त्या परिसरातील घरांत वावरणारे मांजर या बाबतीत एकाच वारशाचे धनी आहेत. केवळ मांस खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतील विषे पचवण्याची गरज क्वचितच पडत असल्यामुळे हे जनुक निकामी होऊनही नैसर्गिक निवडीत त्याची किंमत मोजावी लागली नसावी, असा त्यामागचा तर्क आहे. ती किंमत रसायनांच्या युगात मोजावी लागली.

हे युग खऱ्या अर्थाने डीडीटीने आणले. स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्यूलर यांना १९३९ मध्ये या द्रव्याची कीटकनाशक शक्ती आढळली आणि १९४८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. भारताने १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये हिवताप निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला तेव्हा फवारणीची पथके खेडोपाडी घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटीचा पांढरट थर चढवू लागली. भिंतीवर बसणारा डास मरावा हा त्यामागचा हेतू. परंतु त्याच भिंतीला अंग घासणाऱ्या आणि मग ते अंग चाटणाऱ्या मांजराचा या योजनेत विचार नव्हता. फवारलेल्या घरांतील मांजरे मरतात, हे जगात अनेक ठिकाणी नोंदले गेले. बोर्निओतील सारावाकच्या डोंगराळ भागात १९६० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने पॅराशूटने मांजरे उतरवली, त्या प्रसंगाभोवती पुढे बरीच अतिशयोक्ती जमा झाली. पण मांजरे डीडीटीला विशेष बळी पडतात, हा त्यातला गाभा खरा आहे. डीडीटीच्या जोडीला बीएचसी, म्हणजे बोलीभाषेतील गॅमेक्सिन, आले आणि शेतातील पिकापासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत व गुरांच्या पाठीपर्यंत सगळीकडे भुरभुरले जाऊ लागले. ही दोन्ही द्रव्ये चरबीत साठून राहणारी आणि मज्जासंस्थेला उद्दीपित करणारी असल्याने मांजरात त्यांच्या विषबाधेचे स्वरूप थरथर आणि आकडी असेच दिसे. शेतीतील डीडीटीवर भारतात १९८९ मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली.

जिल्ह्यातील कपाशीने दुसरे वळण घेतले ते १९७० नंतर. त्या वर्षी सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस बाहेर पडला. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते आणि संकरित बियाण्यांचा हिरिरीने प्रसार करण्याचे धोरण राज्यात रुजले होते. संकरित वाणाला खत आणि पाणी जास्त लागते, तशीच कीडही जास्त लागते. त्यामुळे फवारणी पंप आणि कीटकनाशकाची बाटली या शेतकऱ्याच्या घरातल्या नित्याच्या वस्तू झाल्या. प्रारंभी मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे वापरात होती. ही विषे मज्जातंतूंतील कोलिनएस्टरेज या विकराला बांधून टाकतात, त्यामुळे लाळ, घाम, अश्रू अनावर होतात व श्वास कोंडतो.

त्यानंतर आली संश्लेषित पायरेथ्रॉइडे. शेवंतीच्या जातीच्या एका फुलातील पायरेथ्रम या कीटकनाशक अर्काची नक्कल करून इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात मायकल एलियट यांच्या गटाने १९७० च्या दशकात परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन घडवली, आणि १९८० च्या दशकात ती भारतीय कपाशीवर पोहोचली. पायरेथ्रॉइड मज्जापेशीच्या आवरणातील सोडियमची दारे उघडी ठेवते, त्यामुळे पेशी पुनःपुन्हा संदेश सोडत राहते आणि कीटक तडफडून मरतो. बहुतेक सस्तन प्राण्यांचे यकृत ते झपाट्याने मोडून टाकते, म्हणून ही द्रव्ये सुरक्षित म्हणून नावाजली गेली. मांजराच्या बाबतीत मात्र ही सुरक्षितता लागू पडत नाही, कारण मोडतोडीनंतर उरलेले भाग बाहेर टाकण्यासाठी लागणारी ग्लुक्युरॉनिक जोड त्याच्याकडे अपुरी आहे.

या दशकांत गोठाही बदलत होता. संकरित गाईंवर देशी गुरांपेक्षा गोचिडांचा प्रादुर्भाव अधिक होतो आणि थायलेरियॉसिस, म्हणजे शेतकरी ज्याला गोचीड ताप म्हणतात तो रोग, त्यांना अधिक जीवघेणा ठरतो. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनंतर २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या मदत योजनेतूनही दुभत्या गाई वाटण्यात आल्या, तेव्हा गोचीडनाशकाची गरज आणखी वाढली. गोठ्यासाठीचे डेल्टामेथ्रिन सामान्यतः एका लिटर पाण्यात दोन मिलिलिटर या प्रमाणात मिसळतात; मूळ द्रावणात १.२५ टक्के विष असल्यास जनावराच्या अंगावर पडणाऱ्या पाण्यात ते दर लिटरला केवळ २५ मिलिग्रॅम उरते. हे माप गुरासाठी बसवलेले आहे. अंदाजाने ओतलेले झाकणभर द्रव्य, फवाऱ्यानंतर गोठ्याच्या कोपऱ्यात साचलेले पाणी किंवा शेतातल्या सायपरमेथ्रिनची उरलेली बाटली यांना ते माप लागू होत नाही, आणि गोठ्यातल्या कडब्यावर झोपणारे मांजर याच टप्प्यावर विषाच्या कक्षेत येते. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाच्या साथीत माश्या, डास व गोचिडे आवरण्यासाठी राज्यभर गोठे फवारले गेले, तेव्हाही फवारणीचा सगळा विचार गुरांभोवतीच होता.

परमेथ्रिनचा मांजरावरील परिणाम किती तीव्र असतो याचे मोजमाप परदेशात झाले आहे. मानेवर थेंब टाकून वापरायच्या कुत्र्यांच्या औषधांत परमेथ्रिन ४५ ते ६५ टक्क्यांपर्यंत असते. लंडनच्या पशुविष माहिती केंद्राकडे आलेल्या अशा २८६ मांजरांच्या प्रकरणांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ सर्वच मांजरांत लक्षणे दिसली आणि सुमारे दहातील एक दगावले. लक्षणे काही तासांत सुरू होतात आणि कधी तीन दिवस टिकतात. यावर नेमका उतारा नाही. सौम्य साबणाने कोमट पाण्यात अंग धुणे, आकडी व थरथर थांबवणारी औषधे शिरेतून देणे आणि शरीराचे तापमान सांभाळणे हाच मुख्य उपचार आहे. सेंद्रिय फॉस्फरसच्या बाधेवर उपयोगी पडणारे ॲट्रोपिन येथे उतारा ठरत नाही, म्हणून मांजराच्या अंगावर कोणते द्रव्य पडले हे वैद्याला कळणे निर्णायक असते.

हाच प्रश्न २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात माणसांच्या बाबतीत उभा राहिला. बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारी बीटी कपाशी २००२ मध्ये मान्य झाली तेव्हा बोंडअळीवरील फवारणी प्रारंभी घटली, पण रसशोषक किडी वाढल्या, आणि पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही दाद देईनाशी झाली. २०१७ मध्ये दाट वाढलेल्या कपाशीत मिश्र द्रव्यांची फवारणी करताना जिल्ह्यातील ८०० हून अधिक शेतकरी व शेतमजूर बाधित झाले आणि २० हून अधिक मरण पावले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या रुग्णांच्या अंगात नेमके कोणते विष गेले हे अनेकदा ठरवता येत नव्हते, कारण पंपात दोन-तीन द्रव्ये एकत्र केलेली असत. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबरमध्ये यवतमाळसह अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. ती पाच अशी होती : प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस.

या यादीतील सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही तीन नावे पशुवैद्यकाच्या कपाटातही आहेत. सायपरमेथ्रिन गुरांच्या गोचिडांसाठी वापरतात. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड १९९० च्या दशकापासून कुत्र्या-मांजरांच्या मानेवर टाकायच्या थेंबांत आहेत, आणि योग्य मापात ती मांजराला सामान्यतः सोसतात. मांजरासाठीच्या फिप्रोनिलच्या नळीत १० टक्के द्रावण अर्धा मिलिलिटर, म्हणजे सुमारे ५० मिलिग्रॅम विष असते. बंदी आलेल्या मिश्रणात फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड प्रत्येकी ४० टक्के होते. शेतीच्या द्रावणात विषाबरोबर सेंद्रिय द्रावके आणि ते पाण्यात मिसळवणारी द्रव्येही असतात, ती चाटण्यासाठी बनवलेली नसतात. रेणू एकच असला तरी तीव्रता, द्रावक, माप आणि ज्याच्या अंगावर ते पडते ते शरीर वेगळे असल्यामुळे एका ठिकाणी औषध ठरणारे द्रव्य दुसऱ्या ठिकाणी विष ठरते.

एकविसाव्या शतकात यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस अशा गावांत पाळीव कुत्री-मांजरी शहरी पद्धतीने ठेवण्याची चाल वाढली आणि मांजराच्या नावाने विकली जाणारी औषधेही पोहोचली. त्यांचेही विपरीत परिणाम आहेत, पण ते एका जातीचे नाहीत. थेंब चाटल्यावर कडू चवीने लाळ गळणे तात्पुरते असते. थेंबाच्या जागी लाली येणे वा केस झडणे ही कातडीची स्थानिक प्रतिक्रिया असते. थरथर, तोल जाणे वा आकडी ही मज्जासंस्थेची बाधा असते आणि तिच्यात विलंब परवडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये मानेवरील थेंबांच्या तक्रारी वाढल्याचे पाहून चौकशी केली, तेव्हा चुकीच्या वजनाची नळी आणि कुत्र्याचे औषध मांजरावर वापरणे या गोष्टी ठळक दिसल्या. आयसोऑक्झाझोलिन या नव्या वर्गातील औषधांमुळे काही कुत्र्या-मांजरांना थरथर वा आकडी येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला, तो औषधे बाजारात ठेवूनच. जोखीम कळली की वापर सावध करता येतो, ही त्यामागची भूमिका होती.

असा इशारा देण्यासाठी आधी तक्रार नोंदली जावी लागते, आणि भारतातील व्यवस्था या बाबतीत दुभंगलेली आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावल्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. शेतातील द्रव्ये त्याखाली येतात आणि त्यांच्या बाटलीवरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. जनावरांची औषधे मात्र १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. दोन्ही कायद्यांनी आपापल्या वापरासाठी माप ठरवले. शेतातली बाटली गोठ्यात आणि गोठ्यातली मांजराच्या अंगावर जाते, तो प्रवास कोणत्याच कायद्याच्या नजरेत नाही. मोजणीचेही तसेच. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुत्री, ससे आणि हत्तीदेखील मोजले गेले, मांजराला मात्र रकाना नव्हता. जे मोजले जात नाही त्याच्या बाधेचे प्रमाण काढता येत नाही, आणि प्रमाण नसल्यामुळे त्याच्यासाठी वेगळा इशारा छापण्याची निकडही कुणाला भासत नाही.

यवतमाळपुरता उपाय या इतिहासातूनच निघतो. जिल्ह्यात फवारणीच्या सुरक्षिततेचा प्रसार २०१७ नंतर कृषी विभागाच्या कामाचा भाग झाला आहे, आणि गोठा फवारणीचा सल्ला पशुवैद्यकीय दवाखान्यांतून दिला जातो. या दोन्हींत तीन वाक्यांची भर पुरेशी आहे : शेतातले द्रव्य जनावराच्या अंगावर वापरू नये, गुरांचे व कुत्र्याचे गोचीडनाशक मांजराला लावू नये, आणि मांजर थरथरू लागल्यास बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. बाटलीचे नाव कळल्याने उपचाराची दिशा ठरते, हे २०१७ मध्ये माणसांच्या जिवावर बेतल्यावर जिल्ह्याने शिकलेले आहे, आणि मांजरासाठी ते नव्याने शिकण्याची गरज नाही.